वाळूतली अंडी, बांधावरची घरटी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

उन्हाळा लागला की किनाऱ्यालगतच्या गावांतून एकाच विषयाची पत्रं येऊ लागतात : उघड्यावर अंडी दिसली, आता काय करू? त्यांतल्या निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. एप्रिलच्या सुरुवातीला तिथे भरतीरेषेच्या बरंच वर, शिंपल्यांच्या चुऱ्यात चार अंडी दिसली. मातकट रंग, वर काळपट डाग. काडी नाही, गवत नाही, घरटं म्हणावं असं काहीच नाही. पक्ष्याला धड जागा मिळाली नसेल का? (दापोली)

उत्तर : जागा मिळाली नाही असं नव्हे, हीच जागा त्याने शोधून घेतली आहे. चार अंडी, निमुळती टोकं आत वळलेली, प्रत्येकाची लांबी चार सेंटिमीटरच्या आसपास, असं असेल तर ती बहुधा ताम्रमुखी टिटवीची, म्हणजे आपल्या नेहमीच्या टिटवीची. टोकं आत ठेवल्यामुळे चारही अंडी कमी जागेत मावतात आणि पोटाखाली नीट येतात.

घरटं नाही असं वाटतं, पण ते असतं. पक्षी छाती जमिनीला टेकवतो, पायांनी वाळू मागे उडवत जागच्या जागी फिरतो आणि बशीएवढा खळगा तयार होतो. चिखल्यांमध्ये (टिटवीच्याच कुळातले छोटे पक्षी, इंग्रजीत प्लोव्हर) नर असे बरेच खळगे उकरून ठेवतो आणि मादी त्यांतला एक पसंत करते. मग बसल्या बसल्या चोचीने आजूबाजूचे शिंपल्यांचे तुकडे, खडे, कोरड्या लेंड्या उचलून खळग्यात आणि कडेला टाकत राहतात. हे अस्तर शोभेचं नसतं. त्यामुळे अंडं तापलेल्या वाळूपासून थोडं वर राहतं, ओल आली तर चिखलात रुतत नाही, आणि ठिपक्यांच्या अंड्याभोवती ठिपक्यांचीच जमीन तयार होते. एकसारख्या बारीक, पांढऱ्या वाळूवर अंडं लगेच नजरेत भरतं. शिंपले, खडे, वाळलेलं शेवाळ अशी मिसळ असलेल्या जमिनीवर ते दोन पावलांवरूनही हरवतं. म्हणून पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याच्या, स्वच्छ भागापेक्षा हा कचकचीत पट्टा त्यांना जास्त आवडतो.

दुसरी अट नजरेची. या पक्ष्यांचा बचाव लपण्यात नसून लांबून पाहण्यात आहे. बसल्या जागेवरून चहूकडचं दिसलं पाहिजे, म्हणजे कुत्रं किंवा मुंगूस जवळ येण्याआधीच उठून, चार पावलं चालून, मग दुसरीकडून ओरडता येतं. पक्ष्याच्या डोळ्याच्या वर गवत गेलं की ती जागा त्याच्या दृष्टीने आंधळी झाली. एखादा खुंट, शंख, मर्यादवेलीचा तुरळक फाटा शेजारी चालतो. दाट वेल चालत नाही. आपल्याला जी जमीन ‘मोकळीच पडली आहे’ असं वाटतं, ती त्यांच्या लेखी भरलेली वस्ती असते.

अंड्यांची संख्या पाहून अंदाज बांधता येतो. टिटवी आणि लांब लाल पायांचा शेकाट्या यांची बहुधा चार. छोट्या कंठेरी चिखल्याची तीन-चार, पण आकाराने टिटवीच्या अंड्याहून बरीच लहान. करवानकाची बहुधा दोन, आणि तीही अनेकदा किनाऱ्यापेक्षा वरच्या कातळसड्यावर (खडकाळ माळावर) किंवा नदीच्या गोट्यांत. अंड्यांवरून खात्री झाली नाही तर लांब जाऊन थांबा. मालक परत येतोच.

प्रश्न : पुळणीच्या वरच्या अंगाला सुरूची छान सावली आहे. ती सोडून हे पक्षी भर उन्हात अंडी का घालतात? अंडी शिजत नाहीत का? आणि भरतीचं पाणी येत नाही का? (अलिबाग तालुका)

उत्तर : आधी पाण्याचं बघू. टिटवीची अंडी समुद्राने ओढून नेली आणि तिच्या जोडीदाराने समुद्र आटवायचा चंग बांधला, ही गोष्ट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. गोष्टीतला धोका अगदी खरा आहे. टिटवीची अंडी उबायला २८ ते ३० दिवस लागतात, त्याआधी अंडी घालण्यात काही दिवस जातात. म्हणजे घरटं महिनाभर जागेवर राहिलं पाहिजे, आणि महिनाभरात एक अमावास्या आणि एक पौर्णिमा येणारच. दोन्ही वेळची उधाणं चुकवायची तर रोजच्या भरतीरेषेच्या वर असून भागत नाही, उधाणाच्या रेषेच्याही वर जावं लागतं.

इथे किनाऱ्याचा उतार फार महत्त्वाचा. पन्नास मीटरला एक मीटर चढणाऱ्या सपाट पुळणीवर पाणी फक्त वीस सेंटिमीटर जास्त चढलं तरी ते दहा मीटर आत येतं. मुंबईजवळ उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो, गोव्याकडे तो दोन मीटरच्या आसपास असतो. म्हणून उत्तर कोकणात सपाट पुळणीवर सुरक्षित पट्टा अगदी अरुंद उरतो आणि पक्षी खाडीच्या तोंडाजवळचे उंच दांडे, खारजमिनीचे बांध, मिठागरं अशा जागांकडे वळतात. वर जायला त्यांना मर्यादा आहे, कारण पिल्लांना खाण्यासाठी ओल्या काठापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत जायचं असतं.

आता ऊन. एप्रिल-मेच्या दुपारी कोरड्या वाळूचा पृष्ठभाग पन्नास अंशांच्याही वर तापतो. अंड्यातला जीव ३७-३८ अंशांवर वाढतो. त्याहून चार-पाच अंश जास्त तापमान टिकलं की तो मरतो. त्यामुळे दुपारी अंड्यांवर बसणं म्हणजे ऊब देणं नव्हे, सावली धरणं. पक्षी अर्धवट उभा राहतो, पिसं फुलवतो, चोच उघडी ठेवून धापा टाकतो. जोडीदार आला की जागा बदलते, आणि येणाऱ्याचं पोट पुष्कळदा ओलं असतं. पाण्यात उभं राहून, अंग खालीवर हलवून तो पोटाची पिसं भिजवतो आणि तोच ओलावा अंड्यांवर आणतो. टिटवी हे करते, शेकाट्या करतो, केंटिश चिखल्याही करतो. केंटिश चिखल्यामध्ये साधारणपणे दिवसा मादी आणि रात्री नर बसतो, पण फार तापणाऱ्या किनाऱ्यांवर भर दुपारी दोघं आलटून पालटून पाळी घेतात, कारण एकट्याला ते झेपत नाही. पाणी जवळ हवं याचं हे दुसरं कारण.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. सकाळी सातला तुम्ही पक्ष्याला दहा मिनिटं उठवलं तर अंडी बहुधा तगतील. दुपारी एकला उठवलं तर तेवढ्यात संपू शकतात.

आणि सुरूची सावली? ती कावळ्यांची आहे. सुरूच्या शेंड्यावर बसलेल्या कावळ्याला खालचा प्रत्येक पक्षी उठता-बसताना दिसतो. शिवाय झाडाखाली सुरूच्या काड्यांची गादी साचते, त्यात खळगा होत नाही, अंडं लपत नाही, पुढचं दिसत नाही. वाऱ्याला आडोसा म्हणून सुरू लावायचाच असेल तर गावाच्या बाजूला लावा. समुद्राकडचा उघडा पट्टा रोपांनी भरू नका. त्या पट्ट्याची गरज कासवांनाही आहे.

प्रश्न : आमचं मिठागर आहे. एप्रिल-मेमध्ये लांब लाल पायांचे शेकाटे बांधांवर आणि वाफ्यांच्या मधल्या ढिगांवर अंडी घालतात. दर वर्षी काही घरटी बुडतात, काही मजुरांच्या पायाखाली येतात. आमचं काम न थांबवता काही करता येईल का? (उरण)

उत्तर : येईल, आणि मिठागरवाले जे करू शकतात ते दुसरं कुणी करू शकत नाही, कारण पाण्याची पातळी तुमच्या हातात आहे.

शेकाट्याला पाण्याने वेढलेला ठेंगणा उंचवटा हवा असतो. चारही बाजूंना पाणी असलं की कुत्रा आणि कोल्हा सहसा येत नाहीत. बांधावरचं घरटं त्याची दुसरी पसंती, कारण बांध म्हणजे माणसाचा आणि कुत्र्याचा रस्ता. पाणी हळूहळू चढलं तर तो चिखल, काड्या, खडे लावून घरटं उंच करत जातो, पण एका रात्रीत वाफा भरला तर त्याचा इलाज चालत नाही. उलट वाफा कोरडा पडला तर उंचवट्याचं बेटपण जातं आणि त्याच रात्री कुत्रं पोचतं. बुडणं डोळ्यांना दिसतं, आटणं दिसत नाही, पण नुकसान दोन्हींत सारखंच.

म्हणून मिठाच्या वाफ्यांना हात न लावता, बाजूचा एखादा न वापरला जाणारा किंवा फक्त पाणी साठवायचा वाफा यासाठी निवडा. मार्च सुरू होण्याआधी त्यात मातीचे चार-पाच ढीग घाला : माथा सपाट, दोन ते तीन मीटर रुंद, आणि त्या वाफ्यातल्या सर्वांत जास्त पाण्यापेक्षा वीस-तीस सेंटिमीटर उंच. कडा उभ्या ठेवू नका. एक हात चढायला पाच हात तरी लांबी द्या, कारण एक दिवसाच्या पिल्लाला उभी कड चढता येत नाही आणि ते काठाशीच थकून मरतं. माथ्यावर शिंपल्यांचा चुरा किंवा बारीक खडी दोन-तीन बोटं जाडीची पसरा. नुसत्या चिकणमातीला तडे जातात आणि अंडी फटीत घसरतात. भोवती टिचभर पाणी तरी कायम राहू द्या. अंडी २२ ते २५ दिवसांत फुटतात, तेवढे दिवस पातळी चार बोटांपेक्षा जास्त हलू नये.

बांधांची डागडुजी पावसाळा संपल्यावर, थंडीतच उरकून घ्या. एप्रिलमध्ये बांधावर ओला गाळ थापणं हेच घरटी गाडलं जाण्याचं मोठं कारण. त्या दिवसांत काम निघालंच तर सकाळी लवकर करा, आणि घरटं असलेल्या तुकड्यापाशी जाण्यायेण्याचा रस्ता पलीकडच्या बांधावरून ठेवा. पहिल्या वर्षी ढिगांवर कुणी आलं नाही तर ते मोडू नका. पावसाळ्यात त्यांवर गवत आणि वेडी बाभूळ उगवेल, तेवढी मात्र पुढच्या फेब्रुवारीत मुळासकट काढा. गवताळलेला ढीग शेकाट्याच्या उपयोगाचा नाही.

प्रश्न : आम्ही कासवांच्या घरट्यांसाठी रात्री पुळणीवर फेऱ्या मारतो. आमच्यामुळे पक्ष्यांची अंडी तुडवली जात असतील का? (दापोली-मंडणगड किनारा)

उत्तर : फेब्रुवारीपासून ती शक्यता असते. कासवांचा हंगाम संपत येतो तेव्हा पक्ष्यांचा सुरू होतो, आणि दोघांनाही उधाणरेषेच्या वरचीच जागा हवी असते. चालण्याची सवय बदला. फेरी ओल्या वाळूवरून, पाण्याच्या काठाने मारा. कासवाचा माग पाण्यातूनच वर जातो, तो तिथूनही दिसतो. माग दिसला की त्याच्या कडेकडेने सरळ वर जा आणि त्याच वाटेने खाली या. वरच्या कोरड्या पट्ट्यावरून लांबीच्या दिशेने चालू नका. कासवांची अंडी ठेवण्याच्या जाळीबंद जागेकडे जाणारी वाट एकच ठेवा आणि कुंपणाच्या खुंटांची टोकं तिरकी तासा, म्हणजे कावळ्यांना बसायला मिळणार नाही.

तुमच्या पायांपेक्षा मोठा धोका चाकांचा आहे. पुळणीवर जीप आणि चारचाकी बाइक पळतात, काही ठिकाणी शर्यती होतात. चाकाखाली अंडी जातात हे उघड आहे. पिल्लांचं काय होतं ते पाहा : लिंबाएवढं पिल्लू काठाकडे चालताना चाकोरीत उतरतं. तिची भिंत त्याला चढवत नाही, म्हणून ते चाकोरीतूनच चालत राहतं. मागून गाडीचा आवाज आला की पळण्याऐवजी ते जागीच दबकून बसतं, कारण संकटात न हलणं हाच त्याचा जन्मजात उपाय. आणि पुढची गाडी त्याच चाकोरीतून येते. ग्रामपंचायतीशी बोलणार असाल तर मार्च ते जून कोरड्या पट्ट्यावर वाहनबंदी, ही एकच मागणी लावून धरा. बाकीचं त्यानंतर.

प्रश्न : उधाण येणार हे दिसतंय आणि घरटं अगदी रेषेवर आहे. अंडी उचलून दहा मीटर वर ठेवली तर? (देवगड)

उत्तर : ठेवू नका. हे पक्षी अंड्यांपेक्षा जागा ओळखतात. अंडी वर आणि पक्षी जुन्या खळग्यावर, असं होण्याचीच शक्यता जास्त. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी खराब करणं आणि अंडी-घरट्यांना त्रास देणं येतं, मग हेतू चांगला असो.

घरटं गेलंच, तर हंगाम शिल्लक असेपर्यंत टिटवी आणि चिखल्या पुन्हा अंडी घालतात, बऱ्याचदा जवळपासच. तेव्हा खरी मदत दुसऱ्या घरट्याच्या वेळी होते. जाळी सुकवायची जागा थोडी सरकवा, होड्या ओढण्याची वाट एकच ठेवा, माशांची घाण पुळणीवर टाकणं थांबवा. ती घाण कावळे आणि कुत्री बोलावते आणि ती आली की अंडी शोधतातच.

प्रश्न : टिटवीचं पिल्लू एकटंच सापडलं म्हणून घरी आणलं. दूधभात खात नाही. काय द्यावं? (मालवण)

उत्तर : काही देऊ नका, आत्ताच्या आत्ता परत न्या. ते एकटं नव्हतं. ही पिल्लं अंड्यातून निघाल्यावर काही तासांत चालू लागतात आणि स्वतःच किडे टिपून खातात. आईबाप भरवत नाहीत, फक्त राखण करतात आणि ऊन-थंडीत पंखाखाली घेतात. तुम्ही जवळ गेलात तेव्हा ते इशाऱ्यासरशी दबकलं आणि थोरले लांबून ओरडत होते.

जिथून उचललं तिथेच, एखाद्या दगडाच्या किंवा झुडपाच्या सावलीत ठेवा आणि शंभर मीटर मागे जा. माणसाचा वास लागला म्हणून आईबाप टाकतात ही समजूत खोटी आहे. अर्ध्या-पाऊण तासात थोरले जवळ येताना दिसतील. पिल्लू जखमी असेल, किंवा दिवस मावळेपर्यंत कुणीच आलं नाही, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

प्रश्न : टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त, हे कितपत खरं? आमच्या गच्चीवरच घातली आहेत. (संगमेश्वर)

उत्तर : पुढच्या पावसाचं तिला काही कळत असल्याचा पुरावा नाही. गच्चीवर तिला खडी मिळाली, चहूकडची नजर मिळाली, कुत्रं वर येत नाही, एवढंच तिने पाहिलं. गच्चीची अडचण अंडी फुटल्यावर सुरू होते : कठडा ओलांडता येत नाही, पाणी नाही, किडे नाहीत, आणि उडायला महिन्याहून जास्त अवकाश. दोन बोटं पाण्याची पसरट थाळी, आत चार खडे टाकून, एका कोपऱ्यात ठेवा आणि एक फळी तिरकी लावून सावली करा. पिल्लं निघाली की ती खाली उतरवण्याबद्दल वनखात्याला विचारा.

प्रश्न : हिवाळ्यात आमच्या किनाऱ्यावर छोट्या पक्ष्यांचे मोठे थवे असतात. त्यांची घरटी कधीच कशी दिसत नाहीत? (मुरूड)

उत्तर : कारण ती इथे नसतात. छोटे वाळू चिखल्ये लडाख-तिबेटच्या पठारांवर वीण करतात, कर्ल्यू सँडपायपर थेट सैबेरियाच्या उत्तर टोकाला. केंटिश चिखल्या मात्र आपल्या शेजारी, गुजरातच्या खारपट्ट्यात आणि मिठागरांत घरटी करतो, बहुधा तीन अंड्यांची. त्याचाच जवळचा नातेवाईक, दक्षिण भारत आणि श्रीलंकेत बारमाही राहणारा, २०२३ पासून वेगळी जात मानला जातो. त्याला हनुमान प्लोव्हर असं नाव मिळालं आहे. एप्रिलनंतरही तुमच्याकडे चिखल्यांची जोडी एकाच जागी घुटमळताना आणि पंख मोडल्याचं सोंग करत तुमच्यापुढे फरफटत जाताना दिसली, तर समजा घरटं किंवा पिल्लू जवळ आहे. तिच्यामागे जाऊ नका, आल्या पावली मागे फिरा.

प्रश्न : घरट्याचा फोटो काढायचा असेल तर किती अंतर ठेवावं? (पुणे)

उत्तर : मीटरमध्ये आकडा सांगण्यापेक्षा खूण सांगतो : पक्षी उठला की तुम्ही जास्त जवळ आहात. बसलेला असताना मान ताठ करून पाहू लागला, तिथेच थांबा. सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर जा, एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका, आणि घरट्याकडे सरळ रेषेत चालत जाऊन त्याच रेषेत परत येऊ नका. कावळे माणसावर नजर ठेवतात आणि तो कुठे थबकला ते लक्षात ठेवतात. याच कारणासाठी घरट्याशेजारी काठी रोवू नका, दगडांचं वर्तुळ करू नका. फोटोबरोबर ठिकाण टाकू नका.

घरट्यावर तारेचा पिंजरा लावावा का, असंही या पत्रात विचारलं आहे. परदेशांत काही ठिकाणी लावतात, पण त्यात एक घात आहे : शिकारी पक्ष्यांना पिंजऱ्याची ओळख पटली की ते बाहेर पडणाऱ्या थोरल्यालाच धरतात. अंडी पुन्हा घालता येतात, घालणारी गेली की सगळंच संपतं.

प्रश्न : इथे बेटांवर काळा-पांढरा, जाड चोचीचा क्रॅब प्लोव्हर दिसतो. त्याचीही अंडी वाळूवर असतात का? (अबुधाबी)

उत्तर : वाळूवर नाही, वाळूत. टिटवी, चिखल्या, शेकाट्या यांच्या गटातला बीळ खणून अंडं घालणारा हा एकमेव पक्षी. अबुधाबीच्या अबू अल अब्याद बेटावर त्याची वीण होते. थंडीत तो कच्छच्या आखातात येतो आणि क्वचित आपल्या किनाऱ्यावरही दिसतो. बिळात अंधार असल्याने लपवायला रंग लागत नाही, म्हणून अंडं पांढरं, आणि बहुधा एकच. बिळातली हवा तापलेल्या वाळूमुळे दिवस-रात्र उबदार आणि दमट राहते, त्यामुळे पक्ष्याला बसून राहावं लागत नाही आणि तो ओहोटीला खेकडे मारायला मोकळा होतो. पिल्लू मात्र बिळातच राहतं आणि आईबाप त्याला आणून भरवतात, टिटवीच्या अगदी उलट.

त्याला वाळू अशी लागते की जी खणता येईल पण ढासळणार नाही, आणि वर चढाव असेल म्हणजे पाणी शिरणार नाही. अशा टेकाडावर एकमेकांशेजारी पुष्कळ बिळं असतात आणि माणसाच्या वजनाने छत खाली बसतं. वाळूच्या चढावर ओळीने भोकं दिसली तर त्यावर पाय ठेवू नका, खालच्या ओल्या काठाने वळसा घालून जा.